शेवटच्या रिळातली टिंग

सिनेमातली गाणी सगळ्यांना पाठ असतात. पण गाणं संपतं, बाई कळशी घेऊन नुसती पायवाटेने चालत जाते, आणि तिच्या मागे चार व्हायोलिनं हळू वाजत राहतात, ती कोणाला आठवतात? आम्हाला आठवतात. आम्ही म्हणजे मालवणातले आणि आजूबाजूचे थोडे खुळे लोक. जुन्या सिनेमांचं पार्श्वसंगीत जमवणं हा आमचा धंदा, म्हणजे बिनपैशाचा. 'खुळे' हा शब्द माझा नाही, जानकीवहिनीचा आहे. जानकीवहिनी म्हणजे सत्यवानाची बायको, आणि ही गजाल, म्हणजे गोष्ट, सत्यवानाची आहे.

माझं नाव गुरुप्रसाद. मालवणच्या बाजारात माझं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. रेकॉर्ड प्लेअर उघडून बसणारा गावात मी एकटाच उरलो, म्हणून या लोकांच्या तावडीत सापडलो. सुरुवातीला मी यांना हसायचो. मग एकदा सत्यवानाने दुरुस्त झालेल्या प्लेअरवर एक तुकडा लावून दाखवला आणि म्हणाला, आता डोळे मीट. मिटले, आणि संपलो. तेव्हापासून मीही त्यातलाच.

सत्यवान मालवणाला लागून असलेल्या वायरी गावात राहतो. तरुणपणी तो टॉकीजमध्ये मशीन चालवायचा. टॉकीज बंद पडलं तेव्हा त्याने कर्णे आणि स्पीकरचे डबे घेतले आणि साऊंडवाला झाला. लग्न असो, जत्रा असो, दशावतार असो, 'साऊंडवालो सत्यवान' आल्याशिवाय माईक बोलत नसे. त्याच्या कानांचा डंका सगळ्या तालुक्यात. दशावताराच्या मागे बसून चहा पिता पिता हा सांगायचा की उजवीकडच्या डब्याची वायर ढिली झालीय, आणि जाऊन बघावं तर खरंच ढिली. लोक त्याचा हात बघून पैसे देत नव्हते, कान बघून देत होते. त्या कानांचा त्याला जबर अभिमान. आणि त्याच कानांशेजारी आयुष्यभर कर्णे बोंबलत होते, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नाही.

टॉकीजच्या दिवसांत त्याच्याकडे 'बंदरावरचा कंदील' नावाचा सिनेमा आला होता. सिनेमाने अशी आपटी खाल्ली की आठवडाही चालला नाही. पण मशीनवाल्याला सगळे खेळ बघावे लागतात. शेवटच्या रिळात एक बाई कंदील घेऊन बंदरावर उभी राहते. नवऱ्याची होडी यायची असते, ती येत नाही. कोणी बोलत नाही, कोणी गात नाही. व्हायोलिनं चढतात, उतरतात, विझतात, आणि मग ट्रँगल वाजतो. शाळेच्या बँडमध्ये असते ना, तीन कोनांची लोखंडी कांब, तीच. टिंग. मग पुन्हा व्हायोलिनं, पुन्हा टिंग, असं तीनदा. बाई कंदिलाची वात मोठी करते आणि सिनेमा संपतो.

या टिंगेने सत्यवानाला धरलं ते धरलं. सिनेमाच्या गाण्यांची रेकॉर्ड तेव्हाच निघाली होती, पण पार्श्वसंगीत काढणार कोण? ते कोणी काढत नसे. म्हणून त्याने टॉकीजच्या अॅम्प्लिफायरला वायर जोडून शेवटचं रीळ कॅसेटवर घेतलं. ती कॅसेट आमच्या टोळीचं दैवत. दर भेटीत शेवटी ती लागायची. टिंगेची जागा आली की सत्यवान उजव्या हाताचं बोट वर करायचा, "ऐक," म्हणायचा, आणि आम्ही सगळे माना डोलवायचो. त्याचं एकच म्हणणं असे. एकदा ही टिंग कॅसेटीतून नको, मूळ टेपवरून ऐकायची. मुंबईच्या स्टुडिओत वाजवणाऱ्याने जशी वाजवली तशी. तेवढी ऐकली की आपण मोकळे.

आणि मग खरंच बातमी आली. संगीतकाराच्या मुलीच्या घरी कपाटात मूळ टेपा सापडल्या होत्या आणि मुंबईची एक कंपनी 'बंदरावरचा कंदील'चं सगळं पार्श्वसंगीत रेकॉर्डवर काढणार होती. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गणपती आल्यासारखी धमाल उडाली. राज्यभरातले संग्राहक सत्यवानाचं अभिनंदन करू लागले, जसा काही यालाच मुलगा झाला. दसऱ्याला येणार होती. मग दिवाळीला. मग कव्हरचं काम अडलं, मग छपाईवाल्याने घोळ घातला, मग पुढचा दसराही गेला. आमच्यातली स्वप्ना रेडी बंदराच्या ऑफिसात कामाला आहे. तिचं ऑफिसातलं मराठी शुद्ध, म्हणून कंपनीला फोन करायचं काम तिच्याकडे. सत्यवान तिला बजावायचा की रागावून बोल, पण रागावलीस असं वाटता कामा नये. असलं कसं बोलायचं ते तो कधी सांगत नसे.

याच दिवसांत जानकीवहिनी एकदा मिक्सरचं भांडं घेऊन माझ्या दुकानात आली. भांड्याला काही झालेलं नव्हतं. बाकावर बसली आणि म्हणाली, भावजी, हेंचे कान चललेत. पाववालो दारात सायकलीची घंटी मारून मारून पुढे जातो, हे पायरीवरच बसलेले असतात, पण उठत नाहीत. मोबाईल उशाशी वाजतो, ढिम्म. माझ्या बांगड्या वाजल्या की पूर्वी पाठमोरे असले तरी कळायचं यांना, आता मी मागून आले तर दचकतात. जाड आवाज येतो, बारीक येत नाही. कानाच्या डॉक्टरकडे चला म्हटलं तर अंगावर येतात.

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, वहिनी, या वयात सगळ्याच नवऱ्यांना बायकोचं ऐकू येत नाही, त्यात नवीन काय. ती हसली नाही. उठताना एवढंच म्हणाली, "ती रेकॉर्ड आधी येवंदे, भावजी. कान मगे जावंदेत. माझा दुसरा काय मागणा नाय."

मग मात्र माझ्याही जिवाला घोर लागला. सत्यवानाशी बोलताना मी मुद्दाम हळू बोलून बघायचो. कधी उत्तर यायचं, कधी नाही. पण विचारायचं धाडस कुठे होतं? त्याच्या कानांविषयी त्यालाच विचारायचं म्हणजे हलवायाला विचारायचं की तुझ्या जिभेला चव आहे ना. आणि हा बाबा भडकला की महिनाभर बोलत नाही.

शेवटी यंदा दिवाळीनंतर रेकॉर्डी आल्या. सगळ्यांच्या एकाच वेळी. आमच्यात एक नेम आहे. नवी रेकॉर्ड कोणी आपल्या घरी एकट्याने उघडायची नाही. सत्यवानाकडे जमायचं, आधी गाऱ्हाणं, म्हणजे देवाला साकडं, घालायचं, मग सुई ठेवायची. देवळात घालतात तसंच गाऱ्हाणं, फरक एवढाच की समोर देवाऐवजी रेकॉर्ड प्लेअर असतो आणि नारळ सत्यवानाच्या परसातला असतो. बाहेरची माणसं हसतात. हसू देत.

त्या रविवारी धामापूरचा जितेंद्र मोटरसायकलवरून आला. त्याची काजूची बाग आहे, आणि आमचा गाऱ्हाणेवाला तोच, कारण त्याचा आवाज देवालाच काय, देवाच्या शेजाऱ्यालाही जागा करील. स्वप्ना रेडीहून दोन एसट्या बदलून आली, रेकॉर्ड छातीशी धरून, उघडलेली नाही. जानकीवहिनीने घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ केली होती. सत्यवानाने पांढरा सदरा घातला होता. दाढी करताना कापूनही घेतलं होतं. इतका घाबरलेला मी त्याला कधी बघितला नव्हता.

जितेंद्रने नारळावर हात ठेवला आणि सुरुवात केली.

"बा देवा रामेश्वरा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हटलं.

"ह्या तुझ्या लेकरांनी आज इतक्या वर्सांनी जी काय रेकॉर्ड घराक हाडलेली आसा, ती तुझ्या पायाकडे ठेवलेली आसा. जेणी कोणी ह्या काम इतके दिवस लांबयल्यान, तेका चांगली बुद्धी दी. लाईट जावक देव नको. आणि तेच्यात जो काय सूर वाजवलेलो आसात, तो हंय जमलेल्या सगळ्यांच्या कानापर्यंत पोचव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

माझी नजर जानकीवहिनीकडे गेली. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात जोडून. रेकॉर्डीच्या गाऱ्हाण्याला तिने याआधी कधी हात जोडल्याचं मला आठवत नाही.

सुई मीच ठेवली. आवाज काय सांगू तुम्हाला. आयुष्यभर धुक्यातून बघितलेलं घर एखाद्या दिवशी स्वच्छ उन्हात दिसावं तसं झालं. कॅसेटमध्ये जो एक जाड घोळका वाटायचा, त्यात आता एकेक व्हायोलिन वेगळं ऐकू येत होतं. वाजवणाऱ्याने श्वास घेतलेलासुद्धा येत होता. स्वप्नाने डोळे मिटले. जितेंद्रचा घावणा हातातच राहिला. सत्यवान पुढे वाकून बसला होता, हनुवटीखाली दोन्ही मुठी. चेहरा खुलला होता त्याचा. मला वाटलं, वहिनी उगीच घाबरली.

बाजू उलटली. शेवटचा तुकडा आला. व्हायोलिनं चढली, उतरली, विझली. आणि टिंग.

देवा रे, काय ती टिंग! एवढीशीच, पण खोलीच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली. माझ्या अंगावर काटा आला. स्वप्नाच्या डोळ्यांतून पाणी आलं. जानकीवहिनी हातातला चमचा तसाच धरून बाहेर आली. मी हसत सत्यवानाकडे बघितलं.

सत्यवानाचं बोट वर गेलेलं होतं आणि तिथेच थांबलं होतं. तो अजून वाट बघत होता. दुसरी टिंग वाजली. तो वाट बघत होता. तिसरी वाजली. त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं हळूहळू उतरलं, आणि रेकॉर्ड संपली.

"कापल्यानी," तो म्हणाला. "टिंग कापल्यानी."

  तो उठला, खोलीत फेऱ्या मारू लागला. त्याचा पारा चढत गेला. इतकी वर्षं थांबवलं आणि नेमकी तीच गोष्ट काढून टाकली, व्हायोलिनं ठेवली आणि जीव काढून घेतला, यांना कान आहेत की नाहीत, असं बरंच. मग त्याने मोबाईल उचलला. राज्यभरच्या ग्रुपवर सगळ्यांना बोलून कळवणार होता की ही रेकॉर्ड खोटी आहे, कोणी घेऊ नका.  त्या ग्रुपवर सत्यवानाचा कान म्हणजे शेवटचा निकाल. आणि घरोघरी लोक टिंग ऐकत बसलेले असताना हा सांगणार की टिंग नाही. मग काय झालं असतं? कोणीतरी विचारलंच असतं. शंभर माणसांच्या देखत विचारलं असतं.

स्वप्नाने त्याच्या हातावर हात ठेवला. म्हणाली, काका, आधी आपली कॅसेट लावून बघू, मग कळवू. वेळ काढायचा म्हणून म्हणाली बिचारी. सत्यवानाला ते पटलं. होय, पुरावा पाहिजे. त्याने स्वतः कॅसेट काढली, स्वतः लावली.

व्हायोलिनं जाड घोळक्याने चढली, उतरली, विझली. सत्यवानाने बोट वर केलं.

"ऐक," तो म्हणाला. "आयकलास? टिंग."

आम्ही ऐकलं.  कॅसेटमध्ये टिंग नव्हती. नुसती खरखर होती. लावून लावून त्या फितीवरचे बारीक आवाज कधीच घासून गेले होते. टेपचं हेड मीच दरवर्षी साफ करायचो, हे मला कळायला नको होतं? पण ती ऐकताना आमच्यातलं कोणी कधी कॅसेटकडे कान दिलाच नव्हता. आम्ही सगळे सत्यवानाच्या बोटाकडे बघायचो. बोट वर गेलं की आम्हालाही टिंग ऐकू यायची. असला खुळेपणा आम्हीच करू जाणे. आणि आता खरी टिंग ऐकून कान उघडल्यावर कळत होतं की इथे काहीच नाही. स्वप्ना खाली बघू लागली. जितेंद्रने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे.

बोट पुन्हा वर गेलं. "ही बघ दुसरी." त्याचा चेहरा पुन्हा खुलला होता.

जितेंद्र मनाचा मऊ. त्याच्याने बघवेना. तो म्हणाला, "व्हय रे सत्यवान, हंय आसा. कापलीच मेल्यांनी." मीही मान हलवली. मूग गिळून बसण्यापेक्षा ते सोपं होतं. सत्यवानाने पुन्हा मोबाईल उचलला.

तेव्हा जानकीवहिनी पुढे आली. मोबाईल त्याच्या हातातून काढून घेतला आणि बाकावर उपडा ठेवला. रागाने नाही. त्याच्यासमोर उभी राहून, त्याला तोंड दिसेल अशी, ती बोलली.

"कोणी कायएक कापूक नाय. टिंग आसा. मी चुलीकडे होतंय, थंयसून आयकलंय. तुमच्या कानाक येणा नाय, तेका ते काय करतले?"

जितेंद्र काहीतरी बोलायला गेला. तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं.

सत्यवान तिच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता भडकणार. तो भडकला नाही. त्याने एकेकाकडे बघितलं. जितेंद्रकडे, स्वप्नाकडे, मग माझ्याकडे. दुरुस्तीला आलेल्या वस्तूचा मालक विचारतो ना, होईल की टाकून देऊ, तसं बघितलं. मी खाली मान घातली. त्याला उत्तर मिळालं.

"तुका काय म्हायत ती टिंग?" तो वहिनीला म्हणाला. आवाज अगदी बारीक.

"सगळी वर्सां तुमच्या बोटाक बघितलंय," ती म्हणाली. "आज पयल्यांदा आयकली."

तो बाकावर बसला. एवढा मोठा साऊंडवाला, पण बसला तेव्हा लहान दिसला. मला रडू आलं, ते कशाला लपवू? त्या रेकॉर्डीसाठी तो इतकी वर्षं थांबला, रेकॉर्ड आली, आणि कान थांबले नाहीत. आमच्या गाऱ्हाण्यातले 'सगळ्यांच्या कानापर्यंत' हे शब्द माझ्या डोक्यात फिरत होते आणि रामेश्वराचा मला भयंकर राग आला होता.

जानकीवहिनीने पदराला हात पुसले आणि सत्यवानाच्या शेजारी बसली. चार माणसांत त्याच्या एवढ्या जवळ बसलेली मी तिला पहिल्यांदाच बघितली. त्याचा डावा हात तिने आपल्या मांडीवर घेतला, तळवा वर करून. मग मला म्हणाली, शेवटचा तुकडा परत लावा.

मी लावला. व्हायोलिनं चढली. ती त्याला ऐकू येत होती, चेहऱ्यावर दिसत होतं. उतरली. विझली. सत्यवानाचं उजवं बोट सवयीने वर गेलं.

वहिनीचं बोट हललं नव्हतं. ती थांबली होती. सत्यवानाने गोंधळून तिच्याकडे बघितलं. ती रेकॉर्डकडे कान लावून, ओठ मिटून थांबलेली. मग टिंग वाजली, आणि तिने त्याच्या तळव्यावर बोट टेकवलं.

"वाजली?" त्याने विचारलं.

"वाजली."

पुन्हा व्हायोलिनं. या वेळी त्याने उजवा हात खालीच ठेवला. डोळे मिटले. व्हायोलिनं विझली, आणि खोलीत काही नव्हतं, आणि अजून काही नव्हतं, आणि मग टिंग, आणि तळव्यावर बोट. तिसऱ्या वेळी तो तिच्या बोटाच्या आधी हसला नाही, बोट टेकल्यावर हसला.

रेकॉर्ड संपली तरी त्याने हात काढून घेतला नाही.

"माझी टिंग लवकर वाजा होती," तो म्हणाला. कोणाला तरी सांगत होता असं नाही. "व्हायोलिनां सोपली की लगेच. तशी नाय ती. ती थांबता. बायलेक वाटता आता होडी येतली, थंयसर थांबता, आणि मगे वाजता." मग डोळे उघडून जितेंद्रला म्हणाला, "इतकी वर्सां तुमका चुकीची आयकयलंय रे मी."

 स्वप्नाने सगळ्यांसाठी पाणी आणलं. ग्रुपवर काय लिहायचं, असं तिने विचारलं. सत्यवान म्हणाला, लिही, चांगली आहे, घ्या.

मी सुई उचलून रेकॉर्ड खोक्यात घालायला लागलो. घावणे पार गार झाले होते, आणि वहिनी आता उठून ते गरम करणार, असं मला वाटलं. ती उठली नाही. सत्यवानाचा हात तिच्या मांडीवर तसाच होता.

"ठेवतास खंय ती, भावजी?" ती म्हणाली. "परत लावा."

मी परत लावली.